कुलसुमच्या फ्रीजमधला गड्डा

वीस जानेवारीला सकाळी कुलसुम परकारने फ्रीजचा तळचा कप्पा उघडला, आठ आठवडे जपलेलं पुडकं सोडलं, आणि तिच्या हाताला नुसता काळपट चिखल लागला.

दुसऱ्या दिवशी प्रमिला कर्णिक मोहम्मद बिन झायद सिटीतल्या त्या घरी पोचली, तेव्हा दहा वाजले तरी धुकं हललं नव्हतं. प्रमिलाने पंधरा वर्षं एका विमा कंपनीसाठी खोटे क्लेम उघडे पाडले होते. आता ती ओळखीपाळखीतून येणारी चौकशीची कामं घ्यायची. सोबत तिचा नवरा सुरेश असायचा. तो गाडी चालवायचा, फोटो काढायचा आणि बहुतेक वेळा चुकीच्या माणसावर संशय घ्यायचा.

“एका झाडासाठी आपल्याला बोलावलं?” त्याने गाडीतच विचारलं होतं.

“झाड त्यांच्या मुलाचं आहे,” प्रमिला म्हणाली. “आणि मुलगा आता नाही.”

रुहान लीड्सला शिकायला होता. तिथल्या घरमालकिणीच्या बागेतला रुबार्बचा, आंबट देठांच्या भाजीचा, गड्डा त्याने आईसाठी आणला होता. दोन वर्षांपूर्वी अल ऐनच्या रस्त्यावर गाडी उलटून तो गेला. गड्डा मागे राहिला.

गड्डा आपोआप कुजणार नाही, कुणीतरी काहीतरी केलंय, असं कुलसुमचं म्हणणं होतं. तिने सगळं सावकाश सांगितलं. रुबार्बला थंडीत झोप लागते. थंडी मिळाली नाही तर त्याचे डोळे फुटत नाहीत. इथे तेवढी थंडी कुठली? म्हणून उन्हाळाभर ती कुंडी एसीच्या खोलीत ठेवायची. ऑक्टोबर सरला की पाणी तोडायचं. पानं ओढायची नाहीत, आपोआप पिवळी पडू द्यायची. पान विषारी, म्हणून वाळलेलं सगळं वेचून टाकायचं. मग गड्डा उकरून, जरा दमट वर्तमानपत्रात गुंडाळून, आठ आठवडे फ्रीजमध्ये. यंदा पंचवीस नोव्हेंबरला ठेवला होता. दर शुक्रवारी ती पुडकं बाहेरून दाबून पाहायची, पण उघडायची नाही. यंदा शेवटचे दोन शुक्रवार ते मऊ लागलं होतं.

बोलताना ती तळहात ओढणीला घासत होती.

“काल तो चिखल काढल्यापासून खाज जात नाही,” ती म्हणाली. “चिंच चोळली, तरी नाही.”

“गड्डा उकरताना अशी खाज सुटली होती?”

“कधीच नाही. नोव्हेंबरात एक मूळ तुटलं, तर टॉवेल हळदीसारखा पिवळा झाला. माझे आजोबा दापोलीला हकीम होते. त्यांच्या औषधातल्या रेवाचिनीच्या मुळीचा वास मी लगेच ओळखला. त्याच जातीचं झाड ना हे.”

टॉवेलवरचा डाग अजून पिवळाधमक होता. प्रमिलाने कुजलेलं पुडकं मागवलं. कागद मातकट तपकिरी भिजला होता. तिने वरचा कोपरा सोडवला आणि सुरेशला त्याचाच फोटो घ्यायला सांगितलं. अंक तीन जानेवारीचा होता.

घरात आणखी तिघं होती. कुलसुमचा नवरा वली याच्या पुतण्याला, शाहबाजला, तो फ्रीज मासळीसाठी हवा होता आणि त्यावरून त्याचे काकीशी खटके उडायचे. सुरेशची नजर त्याच्यावरच होती. पण शाहबाज बावीस डिसेंबरला रत्नागिरीला गेला होता आणि नऊ जानेवारीला परतला. पासपोर्टवर शिक्के होते.

मुलगी सुमैय्या वीस वर्षांची. तिने काही लपवलं नाही. “आय हेटेड दॅट थिंग,” ती म्हणाली. “अम्मी त्याच्याशी बोलायची, माझ्याशी नाही. बट आय डिडन्ट टच इट.” तीन आणि चार जानेवारीला ती आणि कुलसुम शारजाला लग्नात होत्या.

वली मुसाफा या कारखान्यांच्या भागातल्या वर्कशॉपमधून दुपारी आला. फ्रीज जुना झाला, इतकंच त्याचं म्हणणं. आपल्याला झाडातलं काही कळत नाही, असंही म्हणाला.

“असं कसं?” कुलसुम म्हणाली. “गेल्या महिन्यात विचारत होतात ना, लावल्यावर पाणी किती घालायचं? मी म्हटलं, जानेवारी येऊ दे, दाखवते.”

वली हात धुवायला आत गेला.

निघण्याआधी प्रमिलाने एकच गोष्ट विचारली: गड्डा आणखी कुणाला हवा होता का? कुलसुमचा आवाज कोरडा झाला. रुहानने घरच्यांना न विचारता एमानशी लग्न केलं होतं. अकरा महिन्यांचा संसार. ती सीरियाची, अल बर्शाला राहते, शाळेत शिकवते. ऑक्टोबरात तिने गड्ड्याचा एक तुकडा मागितला होता.

“मी नाही म्हटलं,” कुलसुम म्हणाली.

प्रमिलाने सगळ्यांना बसायला सांगितलं.

“कुलसुमभाभी, तुमचा गड्डा कुजलाच नाही. पुडक्यात होतं ते सडकं सुरण. म्हणून हात खाजतायत. रुबार्ब असता तर कागद त्या टॉवेलसारखा पिवळा झाला असता. आणि नोव्हेंबरात बांधलेल्या पुडक्याला जानेवारीचा कागद कसा असेल? तीन तारखेला किंवा त्यानंतर कुणीतरी पुडकं बदललं. शाहबाज नऊपर्यंत इथे नव्हता.”

“नऊनंतर होता की,” सुरेश म्हणाला.

“होता. पण त्याला फ्रीजमधली जागा हवी होती. त्याने गड्डा फेकला असता. त्याच्या जागी सुरण भरून जागा अडवून ठेवली नसती. सुमैय्यालाही तो फेकायचाच होता. ही अदलाबदल ज्याला गड्डा जिवंत हवा होता त्याने केली. लावल्यावर पाणी किती घालायचं, हे एकाच माणसाने विचारलं. तीन आणि चारला घरात तोच एकटा होता.” ती वलीकडे वळली. “वलीभाई, गड्डा एमानकडे आहे ना?”

वलीने होकारार्थी मान हलवली.

“तिच्याकडे त्याचं काहीच नाही,” तो म्हणाला. “त्याचे कपडेसुद्धा आपण उचलून आणले. अर्धा कापून नेला असता तर हिला कळलं असतं. म्हटलं, कुजलेला सापडला तर दोष कुणाचाच नाही. आणि ही एकदाची त्या फ्रीजपासून सुटेल.”

कुलसुम रडली नाही. ती उठली, चप्पल घातली आणि सुरेशला म्हणाली, “तुमच्या गाडीतून मला अल बर्शाला न्या.” वलीही उठला. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही, तसा तो पुन्हा बसला.

एमान नुकतीच शाळेतून आली होती. तिने दार उघडलं आणि ती बाजूला झाली. बाल्कनीत नवी कुंडी होती. माती चिंब होती आणि वर ओल्या भुशाचा जाड थर.

कुलसुमने गुडघे टेकून हाताने माती उकरली. गड्डा वीतभर खोल पुरलेला होता. एकेक डोळा तिने बोटाने दाबून पाहिला. पाचही मऊ झाले होते. बोटं पिवळी झाली.

“मैंने रोज़ पानी दिया,” एमान म्हणाली. “अब्बा को भी पता नहीं था।”

“रोज नाही द्यायचं,” कुलसुम मराठीतच म्हणाली, मग हिंदीत सांगितलं. डोळे मातीच्या वर ठेवायचे, झाकायचे नाहीत. कोंब दिसेपर्यंत पाणी बेताचं.

एमानने विचारलं, आता काही करता येईल का.

“नहीं।”

सुरेश दारापाशी घुटमळत होता. प्रमिलाने त्याचा हात धरून त्याला बाहेर काढलं. दार लोटताना आतलं बोलणं ऐकू आलं.

“उस दिन,” कुलसुमने विचारलं, “घर से निकला, तब क्या खाया था उसने?”

एमानचा आवाज आला.

“कुछ नहीं। बोला, आकर खाऊँगा।”

मग खुर्ची ओढल्याचा आवाज झाला, आणि कुलसुमने पुढचा प्रश्न विचारला.