तिसरा साचा

सुटका झालेल्या माणसाने जायचं कुठे? तीन वर्षांपूर्वी मुल्लानपूरजवळच्या वीटभट्टीवर सुनंदाताईच्या हातात वेठबिगारीतून मुक्तीचा कागद देणाऱ्या साहेबाला मी हे विचारलं होतं. तो गाडीत बसला आणि काच वर केली.

घर मिळेल, मदत मिळेल असं सांगितलं होतं. जालन्याकडच्या आमच्या गावात काहीच आलं नाही. 'आगाऊ घेतलेली उचल बुडवून पळालेली माणसं' म्हणून शेतावर कुणी कामाला बोलवेना. शेवटी मुकादम सुरेश पुन्हा दारात आला. त्याने नवी उचल हातावर ठेवली आणि ताई-दाजी त्याच भट्टीवर परतले. या जानेवारीत भट्टीची भिंत त्यांच्या अंगावर कोसळली. मी चंदीगडला पोचेपर्यंत त्यांना जाळूनही झालं होतं.

मी फक्त त्यांची पेटी आणायला गेलो होतो. सकाळचे अकरा वाजले तरी धुक्यात चार पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. ओल्या मातीचा, विझलेल्या कोळशाचा वास. भट्टी बंद होती.

"पेटी घे अन् नीघ," सुरेश म्हणाला.

"ताईला परत का आणलंस?"

"मी आणलं? पाया पडत आली होती. तू खायला घालणार होतास का तिला?"

मी त्याची गचांडी धरली. तेवढ्यात मैदानातून आवाज आला.

थप्... थप्...

साच्यात माती आपटल्याचा.

"कोण आहे तिकडे?"

"कुणी नाही..." तो कुजबुजला. "दहा दिवस झाले... थापतातच आहेत. उचल फिटायची राहिली ना..."

माझा हात झटकून तो पळाला.

पेटी उचलून मी धुक्यात शिरलो. कच्च्या विटांच्या ओळी. माझ्या डोळ्यांदेखत एक ओली वीट जमिनीवर उतरली. तिच्या शेजारी दुसरी. माणूस कुठेच नाही.

माझं डोकं फिरलं. मेल्यावरही?

पेटीतून तो कागद काढला. मागच्या बाजूला गावच्या मास्तरांनी तो मराठीत लिहून दिला होता, पण ताई-दाजींना वाचता येत नव्हतं. मीही चौथीत शाळा सोडलेली. अक्षर अक्षर लावत, ओरडून वाचलं.

"सुनंदा... दिगंबर... तुमच्यावर कुणाचंही... देणं नाही. आजपासून... तुम्ही... मोकळे."

एक साचा थांबला. मग दुसरा.

मी रडलो. आणि मग ऐकू आलं...

थप्.

हलका. इवल्या हाताचा.

ताईला आठवा महिना होता. पोटातल्या बाळाचं नाव कागदावर कुठून असणार?

माझ्या पायाशी काडेपेटीएवढी एक वीट होती. ओली.

नाव आत्याने ठेवायचं असतं, पण दाजींना बहीण नव्हती. मी गुडघे टेकले, त्या मातीला ओठ लावले.

"कुर्र... रेवा. तू पण मोकळी."