उतरवलेलं मीठ

ही गोष्ट खरी आहे. पटली तर घ्या, नाहीतर सोडून द्या. मी कुणाच्या हातापाया पडणार नाही.

मी पिरंगुटला कारखान्यात कामाला. दिवसभर मशिनपुढे उभं राहिलं की भुताखेतांची नावं काढायला अंगात त्राण उरत नाही. पण हे माझ्या सख्ख्या मामेभावाच्या, मल्हारच्या बाबतीत झालंय. आणि त्यानं ते मला त्याच गाडीत बसून सांगितलंय.

मागचा श्रावण. नागपंचमीची संध्याकाळ. जागा, मुळशी धरणाच्या वरच्या अंगाचा आमचा धनगरवाडा.

मल्हार हिंजवडीच्या कंपन्यांतली माणसं ने-आण करतो. गाडी स्वतःची. जांबेला भाड्याच्या खोलीत राहतो. बायको उज्वला आणि चार वर्षांची करिष्मा, एवढाच संसार. लग्नानंतर बरीच वर्षं वाट बघून झालेली पोर.

त्या पावसाळ्यात पोरीला धाप लागायची.

छातीत नुसती घरघर... घरघर...

डॉक्टरनं मशिनवर वाफ दिली, औषधं दिली. थोडं बरं वाटायचं, की पुन्हा तेच. मल्हारचा जीव टांगणीला लागलेला. सवारी उतरवली की पहिला फोन घरी. "घरघर हाय का गं?" एवढंच विचारायचा.

नागपंचमीला तिघं वाड्यावर गेली. तुकाबाईनं, म्हणजे मल्हारच्या आईनं, माझ्या मामीनं, नातीला मांडीवर घेतलं आणि तिच्या छातीला कान लावला. बराच वेळ लावून बसली.

"डागदरचं चालू ठेवा," ती म्हणाली. "पर ह्ये नुसतं सर्दीचं न्हाई."

तिन्हीसांजेला तिनं मीठ, मोहऱ्या, सुक्या मिरच्या मुठीत धरून पोरीवरून उतरवल्या. आल्या-गेल्याची, कुणाकुणाची नावं घेतली. एरवी हे सगळं चुलीत टाकतात. मामीनं टाकलं नाही. करिष्माचं एक जुनं झबलं फाडलं आणि त्यात पुरचुंडी बांधली.

"ह्ये चुलीतलं न्हाई. वाहत्या पान्यातलं हाय," तिनं मल्हारला बजावलं. "ओढ्याच्या पुलावर गाडी उभी कर. खाली सोड. कुनाशी बोलू नको. आन मागं बगू नको."

"बरं," म्हणाला मल्हार.

निघाले तेव्हा पाऊस मी म्हणत होता.

गाडीत तिघं जण, ओले कपडे, आजीनं पोरीला दिलेलं घोंगडं, तेही ओलंच. काचा बंद. वाड्याच्या उतारावरच सगळ्या काचा आतून वाफेनं पांढऱ्या झाल्या. पोरीला गार हवा चालत नाही म्हणून एसी बंद. काच खाली करावी तर पाऊस आत. मल्हार एका हातानं स्टेअरिंग धरी, दुसऱ्या हातानं फडकं फिरवी. पुसलं की दोन वळणं दिसायची. पुन्हा पांढरं.

एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला धरणाचं पाणी. चुकून चाक घसरलं तर संपलंच.

तेवढ्यात त्याला रोहित आठवला. रोहित त्याचा जोडीदार ड्रायव्हर. त्याची गाडी भर पावसात आतून कोरडी ठाक. का, तर मोज्यात मीठ भरून तो पुढच्या काचेखाली ठेवायचा. मीठ ओल ओढून घेतं म्हणे.

मीठ तर खिशात होतंच.

मल्हारनं पुरचुंडी काढली आणि काचेखाली ठेवली.

आणि काच निवळली... हळूहळू नाही, कुणीतरी आतून श्वास ओढून घ्यावा तशी.

मल्हारला बरंच वाटलं. पूल आला तेव्हा त्यानं गाडी हळू केली. पण पाऊस कोसळत होता, पोर आईच्या मांडीवर नुकती झोपलेली, आणि हे टाकलं तर पुढचं दिसणार कसं? घरी सुखरूप पोचणं महत्त्वाचं. उद्या टाकू, म्हणाला, आणि पूल ओलांडला.

पिरंगुट ओलांडेपर्यंत करिष्माची घरघर थांबली.

"टाकलंत ना?" उज्वलानं झोपेतच विचारलं.

"व्हय. टाकलं."

दुसऱ्या दिवशी पोर अंगणात पळत होती. तिसऱ्या दिवशीही. खोकला नाही, धाप नाही. मल्हार पुरचुंडी विसरून गेला. कधीतरी ब्रेक दाबताना ती घरंगळली असणार, त्याला पत्ता नाही. दुखणं गेल्यावर वैद्याची आठवण कुणाला राहते?

मग काच सुरू झाली.

मागची डावी काच. गाडी रिकामी, जांबेला भर दुपारी उन्हात उभी, आणि त्या काचेवर आतून वाफ.

पूर्ण काचेवर नाही. भाकरीएवढा एक गोल, तोही खाली. मोठं माणूस बसलं तर त्याच्या छातीशी येईल इतका खाली.

मल्हारनं पुसला. परत आला. एसी फुल्ल सोडला, बाहेरची हवा आत घेतली, वर्तमानपत्रानं घासलं, दाढीचा फेससुद्धा लावून बघितला. गॅरेजमध्ये मॅट काढून तपासली, कुठं पाणी शिरतंय का. सगळं कोरडं. "दादा, गाडी झकास हाय, तुमी झोप काढा," मेकॅनिक हसला.

मल्हारही हसला. मग एकदा, सवारीची वाट बघताना, तो त्या गोलाकडे नीट बघत बसला.

गोल मोठा व्हायचा... लहान व्हायचा...

पुन्हा मोठा व्हायचा...

त्यानंतर एका सकाळी अपेक्षा मॅडम बसल्या. रोजच्याच, हिंजवडीला जाणाऱ्या. अर्ध्या वाटेत त्यांनी कानातलं गाणं काढलं.

"दादा, मागे डिकीत काही आहे का?"

"न्हाई मॅडम. का?"

"कुणीतरी श्वास घेतंय असं वाटतंय. म्हणजे... दमा असतो ना, तसं. लहान मुलाला."

मल्हारनं रेडिओ बंद केला. एसी बंद केला.

घरघर... घरघर...

हा आवाज त्याला दुसऱ्या कुणी ओळखून द्यायला नको होता. महिनाभर तो उशाशी घेऊन झोपला होता. त्यानं तिथंच फोन लावला. करिष्मा पोहे खात होती. ठणठणीत.

अपेक्षा मॅडम पुढे येऊन बसल्या. उतरल्यावर त्यांनी पुन्हा ती गाडी घेतली नाही.

मल्हारनं गाडी बाजूला घेतली आणि सगळी उलटीपालटी केली. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मागच्या डाव्या सीटखाली, झबल्याच्या चिंधीत, पुरचुंडी पडलेली.

पावसाळ्यात उघड्यावरचं मीठ पाणी होऊन वाहून जातं, हे कुणालाही माहीत आहे.

ही पुरचुंडी कोरडी होती... आणि कोमट.

त्यानं आईला फोन लावला आणि सगळं सांगितलं. तिच्या मागे शेरडं ओरडत होती तेवढंच ऐकू येत होतं.

"पोरीवरनं म्या उतरवलं," ती शेवटी म्हणाली. "तू ते कुटं उतरवलंस?"

रोज इतक्या माणसांना ज्याच्या-त्याच्या दारात उतरवणारा गडी, आणि एवढं एक उतरवलं नव्हतं.

"आत्ता जा. सोड. आन मल्हार, मागं बगू नको. काय बी हू दे, बगू नको."

तो गेला. पुलावर पोचला तेव्हा उजेड होता, पण धुकं इतकं की खालचं पाणी नुसतं ऐकू येत होतं. त्यानं पुरचुंडी सोडली. पडल्याचा आवाज काही आला नाही. तोंडातून शब्द काढला नाही, मान वळवली नाही. खाली मान घालून गाडीत बसला, दार लावलं, चावी फिरवली.

आणि तिथंच घात झाला.

ड्रायव्हर माणूस. गाडी हलवायच्या आधी हात गिअरवर आणि डोळे आरशात. पोटापाण्याची सवय, ती काय विचारून येते?

त्यानं आरशात बघितलं.

मागची डावी काच स्वच्छ होती...

मग त्याच्या डोळ्यादेखत तिच्यावर वाफ धरली. तेवढाच गोल. तितकाच खाली.

घरी आला तेव्हा करिष्मा कपाटाच्या आरशापुढे उभी होती. आरशावर तोंडानं 'हाऽ' करून वाफ धरायची आणि त्यावर बोटानं मांजर काढायचं, हा तिचा खेळ. तिनं 'हाऽ' केलं. पुन्हा केलं. जोर लावून केलं.

"पप्पा," ती म्हणाली, "माझी वाफच येत न्हाई."

मल्हारनं आरशाशी तोंड नेलं. त्याची वाफ आली. तिची नाही. उज्वला हसली, आरसा गरम असंल म्हणाली. मल्हारला हसू आलं नाही.

सकाळी तो फडकं घेऊन खाली गेला. राग आला होता त्याला, आणि भीतीही. त्यानं ती काच खसाखसा पुसली, कोरडी होईपर्यंत.

वरून उज्वलाचा आवाज आला.

तो जिने चढून धावला. पोर जमिनीवर बसलेली, तोंड उघडं, ओठ निळे. छाती हलत नव्हती. उज्वला तिची पाठ चोळत होती. त्यानं पोरीला उचललं आणि दवाखान्यात न्यायला खाली गाडीकडे पळाला. मागचं दार उघडून तिला सीटवर ठेवलं.

काचेवर हळूहळू गोल धरला...

आणि पोरीनं श्वास घेतला.

दवाखान्यात तिला तपासलं, फोटो काढले. छाती एकदम स्वच्छ, असं सांगितलं. मामी वाड्यावरून उतरून आली, गाडीला फेरी मारली, काचेला हात न लावता परत गेली. तिनं फक्त एवढंच सांगितलं, "आता ती पुसायची न्हाई. कुनी बी."

मला हे सगळं त्यानं दिवाळीत सांगितलं. मी ऐकून घेतलं, पाठीवर हात ठेवला. खरं सांगतो, पोरीच्या काळजीनं याचं डोकं फिरलंय असंच मला वाटलं.

मग वैशाखात नांद्याला लग्न होतं. ऊन असं की डांबर वितळेल. मल्हारनं आम्हाला गाडीत घेतलं. पुढे उज्वला, तिच्या मांडीवर करिष्मा, खिदळत. मागे मी आणि माझी बायको. एसी बंद, काचा बंद, सगळे घामानं निथळतोय. मी काच खाली करायला सांगणार होतो, पण मल्हारचा चेहरा बघून सोडून दिलं.

बायकोच्या बाजूच्या काचेवर पांढरा गोल होता.

तिला काही माहीत नव्हतं. तिनं पदराचं टोक हातात घेतलं.

भर रस्त्यात ब्रेक लागला.

"वैनी," मल्हार आरशातूनच म्हणाला, अगदी हळू, "तेवढी राहू द्या."

तिनं हात मागे घेतला. मल्हार हल्ली रोज सकाळी उठला की आधी ती काच बघतो, वाफ दिसली की चहा घेतो, असं उज्वलानं नंतर मला सांगितलं. गाडीला एक गिऱ्हाईक चांगली किंमत देत होतं, त्यानं विकली नाही.

नांदे येईपर्यंत मी त्या गोलाकडेच बघत होतो. मोठा व्हायचा... लहान व्हायचा...

निघालो तेव्हा तो भाकरीएवढा होता. उतरलो तेव्हा पुरीएवढा.

मल्हारचं लक्ष रस्त्यावर होतं. मी त्याला सांगितलं नाही. अजून सांगितलेलं नाही.