यवतचा शेडनेटवाला

"अगं ए भवाने, बस की पटकन! कवाचा उभा हाय मी."

न्हावऱ्याच्या स्टॉपवर सुलक्षणानं गॉगलआडून बघितलं. गाडी अनोळखी, पोरगा अनोळखी. रुबाब मात्र सख्ख्या भावाचा.

"मला भवानी म्हणायचा मान फक्त आमच्या आईचा आहे."

पोरगा ओशाळला. "माफ करा... अंकिता वाटली, माझी बहीण. स्कार्फ, सनकोट, हातमोजे — सगळ्याजणी सारख्याच दिसता की वो!"

तेवढ्यात शिरूरच्या एसटीतून अंकिता उतरली आणि सुलक्षणाला बघून "मॅडम!" म्हणाली. सुलक्षणा तिला कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची.

भाऊ महेंद्र. यवतला शेडनेटखाली भाजीची रोपं करायचा. पुढं न्हावऱ्यात ऊस-कांद्याशिवाय कुणी काही लावत नसताना तो वांग्याची रोपं घेऊन येऊ लागला. सुलक्षणाच्या परड्यात आता वांग्याचं जंगल झालं होतं.

एकदा सूर्य बुडाल्यावर तो म्हणाला, "आता तरी स्कार्फ काढा."

तिनं काढला. गालभर काळे ठिपके, नाकावर टाक्यांची खूण. सांगायचंच होतं. याआधीची तीन स्थळं इथंच चपला शोधू लागली होती. एका स्थळाच्या मामांनी तर मुलीला भर दुपारी अंगणात चालून दाखवायला सांगितलं होतं. तिनं त्यांनाच दाराबाहेर चालवलं.

"उन्हानं डीएनएतली शेजारची अक्षरं एकमेकांना चिकटतात," ती म्हणाली. "पेशी नक्कल काढते, तेव्हा नेहमीचा नकलाकार तिथं अडतो. मग दुसरा येतो, चिकटलेल्या जागेवरून बरोबर लिहीत पुढं जातो. माझ्यात तो जन्मापासून नाही. भलतेच बदलीवर येतात, चुका करतात. चुका साठल्या की कॅन्सर. ही खूण त्याचीच... वेळेवर काढला."

"पर तुमच्यातच का न्हाई तो?"

"आईनं आत्याच्या मुलाशी लग्न केलं. दोष दोघांकडूनही आला. म्हणून माझ्या आत्याच्या सुरजला मी नाही म्हटलं. आत्या अजून रुसलीय."

सुलक्षणाची नजर महेंद्रच्या चपलांवर. चपला हलल्या नाहीत.

"आन् पोरं?"

"तुमच्यात हा दोष नसेल, तर खुशाल उन्हात हुंदडतील. तपासता येतं."

"मग कवा जायचं तपासायला?"

"आधी मला विचारा तरी!"

"विचारतोय की... माझी रोपं बी सावलीतच वाढत्यात. कुणी नावं ठेवली न्हाईत अजून."

ती हसली — पहिल्यांदाच, अख्ख्या चेहऱ्यानं. "हो म्हणते. तपासणी मात्र चुकायची नाही."

तपासणीत महेंद्र निर्दोष निघाला. बैठकीत तिचे वडील हौसराव पंचांग उघडून म्हणाले, "दुपारी बारा पस्तीस, मुहूर्त फक्कड हाय!"

"आबा, गोरज धरा," महेंद्र म्हणाला. "मांडवावर नेट माझी. वऱ्हाडाला बी गार वाटंल."

बैठक उठली. ऊन मावळलेलं. सुलक्षणा उघड्या तोंडानं त्याच्या गाडीपाशी आली.

"आता मारा हाक."

"नको. त्यो मान आईंचा..."

दारातून तिच्या आईचा, गिताबाईंचा आवाज आला, "घ्या जावईबापू, दिला तुम्हाला. मला बी जरा इसावा."