डेटलेफच्या कोटातली मोहोर

एल्बे नदीच्या मुखाशी बुडालेल्या गलबतातून हॅम्बुर्ग शहराची सोन्याची मोहोर आणायला आम्ही तिघं नॉयवेर्क बेटावरून निघालो: माझे वडील ल्यूडर, त्यांचा जुना सोबती त्यार्क आणि मी. अंगठा आणि तर्जनी जोडून होणाऱ्या कड्याएवढी ती मोहोर. जळत्या जहाजावरची माणसं वाचवली म्हणून नगरसभेनं ती माझ्या भावाला, डेटलेफला, दिली होती. अशा मोहरा शहरानं फार थोड्या पाडल्या होत्या. त्यानं ती कोटाच्या अस्तरात शिवली होती, आणि शरदातल्या वादळात त्या गलबताबरोबर तो कोटासकट गेला. आता हिवाळा सरता सरता वाळू सरकली आणि गलबताच्या फासळ्या वर आल्या होत्या.

ओहोटीनं मैलोन्‌मैल उघडी पडलेली करडी पुळण, मधूनमधून बर्फाळ पाण्याचे ओहळ. बाबा सगळ्यांत पुढे.

"अरे, समुद्राला जाऊ तरी दे," त्यार्क म्हणाला. "काठी घेऊन त्याच्या मागे लागलायस की काय?"

"मोहोर मिळायला हवी."

"बाबा, मोहरेशिवाय दुसरं काही सुचतं का तुम्हाला?" मी विचारलं.

"पाय जपून टाक, विबके."

आणि त्यांचाच पाय रुतला! बघता बघता ते मांडीपर्यंत गाळात गेले. त्यार्कनं हातातली लांब काठी आडवी टाकली. मी पोटावर पडून त्यांचे हात धरले. ओढलं. पुन्हा ओढलं. एक बूट गाळानं ठेवून घेतला, बाबा सुटले. पण त्यात फार वेळ गेला होता, आणि पश्चिमेकडून धुकं येत होतं.

गलबत सापडलं. डेटलेफही सापडला, मोडक्या तुळईखाली, कमरेपर्यंत वाळूत. निळ्या कोटावरून ओळखला. चेहऱ्याकडे मी एकदाच पाहिलं.

तुळई तिघांनाही हलेना. ओहळातलं पाणी उलट वाहू लागलं.

"भरती लागली," त्यार्क हळू म्हणाला. "त्याला नेता यायचं नाही, ल्यूडर. अस्तर काप आणि चल."

बाबांनी सुरी काढली. कोट चाचपला. त्यांची बोटं एका जागी थांबली.

"आहे ना?" त्यार्कनं विचारलं.

"आहे."

सुरी तशीच राहिली. मग त्यांनी ती म्यान केली आणि कोटाचं वरचं बटण लावलं.

"अरे, हाताशी आलीय ती!"

"कोट फाडला तर थंडी वाजेल त्याला," बाबा म्हणाले.

आम्ही पळालो. धुक्यात एकमेकांचे पट्टे धरून पळालो! शेवटच्या ओहळात पाणी माझ्या छातीला लागलं, पाय सुटले. त्यार्कनं मला वेणीला धरून काठावर घेतलं.

पुढच्या ओहोटीला कुदळी आणि दोर घेऊन आम्ही परत गेलो. तिथं नुसती गुळगुळीत वाळू होती. बाबा खाली बसले. पाणी घोट्याला लागेपर्यंत आम्ही त्यांना उठवलं नाही.