वासण्याहून आणलेलं टेबल

लाइट गेली आहे ती आता लवकर यायची नाही. गच्चीचं दार ओढून घ्या आणि जवळ सरका. मनाली, तो मोबाइलचा टॉर्च बंद कर, डोळ्यांवर येतो. मघाशी तू विचारत होतीस ना, समा भागातल्या जनार्दनकाकांनी चांगला चाललेला स्टुडिओ एकाएकी बंद का केला? सांगतो. त्याने मला हे एकदाच सांगितलं आणि वर म्हणाला, "सुभाष, परत विचारू नकोस." तेव्हा नीट ऐका. मध्ये बोलायचं नाही.

ही २००४ सालची गोष्ट. बडोद्यात समाच्या एका सोसायटीत जनार्दनचं दुमजली घर होतं. वर तो, बायको नयना आणि बारा वर्षांची मुग्धा, खाली स्टुडिओ. गरब्याच्या सीडी, भजनं, साडीच्या दुकानांच्या जाहिराती, जे येईल ते तो करायचा आणि मन लावून करायचा. त्या वर्षी त्याने मुंबईहून एक जुना डिजिटल मिक्सर आणला. तोवर सगळे कॉम्प्युटरवर कामं करायला लागले होते, त्यामुळे असली धुडं लोक काढून टाकत होते. पण जनार्दनला बोटांखाली काहीतरी लागायचं. माउस हलवून कुठे गाणं होतं का, म्हणायचा. शिवाय या मिक्सरची एक गंमत होती. त्याचे फेडर, म्हणजे आवाज कमीजास्त करायच्या त्या सरकत्या दांड्या, मोटरवर चालायचे. एकदा केलेलं काम यंत्राच्या लक्षात राहायचं, आणि गाणं लावलं की दांड्या आपल्याआपण वरखाली व्हायच्या. मुग्धाला ते पाहायला भारी आवडायचं.

अडचण होती टेबलाची. बाजारात मिळायची ती कॉम्प्युटरची टेबलं, काडीसारख्या पायांची. त्यावर हे धूड ठेवलं की टेबल लचकायचं. याला हवं होतं दणकट टेबल, मधोमध खाच असलेलं, म्हणजे मिक्सर त्यात निम्मा उतरून बसेल. सुताराने नवरात्र होईपर्यंत हात वर केले. तेवढ्यात एका तबलजीने सांगितलं, बडोद्यातच वासण्याला एका बंगल्यात पूर्वी स्टुडिओ होता, तिथलं टेबल विकायचं आहे.

गणपती उठले त्याच आठवड्यात एका दुपारी जनार्दन तिथे गेला. दार उघडलं सरोजिनीबाईंनी. साठीच्या, नीटनेटक्या, हळू बोलणाऱ्या. "बसा, चहा मूकते," म्हणाल्या. मूकते म्हणजे ठेवते, ही आपली बडोद्याची बोली, महाराष्ट्रातला माणूस ऐकून हसतो. मग त्यांनी मागची खोली उघडली. खोली रिकामी होती, फक्त मधोमध टेबल. सागाचं, गडद पॉलिशचं. पुढच्या कडेला हात टेकायला काळ्या रेक्झिनची गादी, आणि त्या गादीत वर्षानुवर्षं कोपरं टेकून पडलेले दोन खळगे. जनार्दनने मोजायची टेप लावली. खाच त्याच्या मिक्सरला तंतोतंत होती.

"असणारच," सरोजिनीबाई म्हणाल्या. "यांच्याकडे तसलाच मिक्सर होता. हे गेल्यावर तो विकला. टेबल तेवढं राहिलं."

टेम्पोवाल्याला आत बोलावणार, एवढ्यात त्यांनी विचारलं, "तुमच्या घरात गाणारं कोणी आहे का हो?"

"स्टुडिओच आहे माझा. गाणारे येतातच."

"तसं नाही. घरातलं. लहान मूल... मुलगी वगैरे."

जनार्दनने पुष्कळ जुन्या वस्तू घेतल्या होत्या. म्हातारी माणसं शेवटच्या क्षणी मागे फिरतात, हे त्याला ठाऊक होतं. उत्तर कुठलं द्यावं याचा त्याने फार विचार केला नाही. हसत म्हणाला, "छे हो. आमच्या घरात सगळे बेसूर."

"मग न्या," त्या म्हणाल्या.

आणि मुग्धा तर शाळेच्या प्रत्येक कार्यक्रमात गायची.

टेबल आलं, मिक्सर खाचेत बसला. जनार्दन खूश. खुर्चीत बसलं की हात आपोआप त्या खळग्यांत जायचे. पितृपक्षात कामाची घाई होती, रात्री उशिरापर्यंत चालायचं. एका रात्री तो सगळं बंद करून उठला, दिवा मालवला, आणि दाराशी पोचला तर मागे आवाज झाला. सुर्रर्र... वळून पाहिलं. मिक्सर चालू. त्याच्या छोट्या पडद्याचा निळसर उजेड. एकच फेडर हळूहळू वर चढत होता. त्या फेडरला काहीच जोडलेलं नव्हतं. वर गेला... थांबला... खाली आला. पुन्हा वर.

जुनं यंत्र, कुणाचं तरी जुनं काम आठवणीत राहिलं असेल, असं म्हणून त्याने दुसऱ्या दिवशी यंत्राची सगळी आठवण पुसून टाकली. रात्री तोच फेडर पुन्हा वर. तिथेच थांबला. तिथूनच खाली.

त्याने घरात कोणाला सांगितलं नाही. पण दोन दिवसांनी भाकरी करता करता नयना म्हणाली, "मुग्धाला हे गाणं तुम्ही शिकवलंत का?"

"कुठलं?"

मुग्धा आतल्या खोलीत वेणी घालत गुणगुणत होती. 'सांज झाली, दार उघडं, कोण यायचं राहिलं...' पुढची ओळ वर चढायची, आणि चढता चढता ती थांबायची. पुन्हा पहिल्यापासून. जनार्दनने हे गाणं आयुष्यात ऐकलं नव्हतं. विचारलं तर मुग्धा म्हणाली, "खाली लावता ना रात्री, पपा. वर ऐकू येतं."

नवरात्र लागलं. मुग्धा गरब्याला जायला नको म्हणाली. बडोद्याची पोर गरब्याला नको म्हणते म्हटल्यावर नयनाने तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. चौथ्या माळेला ताप भरला. डॉक्टर झाले, रक्त तपासलं, काही निघेना. ताप दिवसा उतरायचा आणि रात्री चढायचा. घसा असा बसला की जणू पोर रात्रभर ओरडत होती.

अष्टमीला दुपारी जनार्दनने स्कूटर काढली आणि थेट वासण्याला गेला. सरोजिनीबाईंनी त्याचा चेहरा पाहिला आणि दारातच विचारलं, "मुलगी आहे ना तुम्हाला?"

त्याने मान खाली घातली. "आहे. गाते. खोटं बोललो मी."

त्या झोपाळ्यावर बसल्या. मग म्हणाल्या, "माझी अवंती. दहा वर्षांची होती. यांनी तिच्यासाठी एक गाणं बांधलं होतं. सगळं झालं होतं, एक ओळ तेवढी यांच्या मनासारखी येत नव्हती. त्या रात्री तिला ताप होता, मी साडीच्या फडक्याच्या ओल्या घड्या कपाळावर ठेवत होते. मी म्हटलं, राहू द्या. हे म्हणाले, एकदाच. मग म्हणाले, छान, एकदा परत. मग परत... पहाटेपर्यंत. पोर काचेतून यांच्याकडे बघायची. हे झालं म्हणतील याची वाट बघायची. सकाळी दवाखान्यात नेली. ती घरी आली नाही."

"आणि तुमचे यजमान, श्रीकृष्णराव?"

"हे नंतर रोज रात्री तिथेच बसायचे. तेवढाच तुकडा लावायचे. जाईपर्यंत." त्यांनी पदर तोंडाला लावला. "एकदा 'झालं' म्हणाले असते हो. एवढंच ऐकायचं होतं तिला."

मग एकदम उठल्या. "टेबल आजच उचला. इथे आणून टाका. माझं काय व्हायचं ते होऊ दे."

पण टेम्पो मिळेना. जनार्दन दोन-तीन ठिकाणी फिरला. सगळ्यांचं उत्तर एकच, "आठमनी राते कोई नहीं आवे, साहेब. दशेराए लई जइशुं." म्हणजे अष्टमीच्या रात्री कोणी येणार नाही, दसऱ्याला नेऊ. शेवटी त्याने मिक्सरचा प्लग काढला, वायर गुंडाळून ठेवली, स्टुडिओला कुलूप घातलं आणि किल्ली उशाखाली ठेवून मुग्धाच्या खोलीतच गादी टाकली.

सोसायटीच्या चौकात गरबा चालला होता. ढोल, टाळ्या, माइकवरून कुणाची तरी गाडी हलवायची सूचना. मग स्पीकर बंद झाले. माणसं बोलत बोलत घरी गेली. फाटकं वाजली. हळूहळू तेही थांबलं. मुग्धाचा श्वास तेवढा ऐकू येत होता. तो ऐकता ऐकता जनार्दनचा डोळा लागला.

जाग आली ती शांततेने. श्वास ऐकू येत नव्हता.

अंथरूण रिकामं. उशाखाली हात घातला. किल्ली नव्हती.

नयनाला हाक न मारताच तो जिना उतरला. स्टुडिओचं दार उघडं. आत निळसर उजेड. त्याने पाहिलं, प्लग खाली जमिनीवर होता. वायर त्याने गुंडाळली तशीच. आणि मिक्सर चालू होता.

काचेपलीकडे गायकांच्या बूथमध्ये मुग्धा उभी. कानांवर हेडफोन. डोळे मिटलेले. गाल तापाने लाल. ती गात होती. 'सांज झाली, दार उघडं...' ओळ वर चढली. आवाज फाटला.

थांबली.

मग टेबलावरून, तिथे जो छोटा माइक असतो ना, आतल्या गायकाशी बोलायचा, टॉकबॅक म्हणतात त्याला... त्याचं लाल बटण लागलं. आणि एक पुरुषी आवाज आला. मऊ. प्रेमळ.

"छान. एकदा परत."

मुग्धा पुन्हा गाऊ लागली.

जनार्दन बूथकडे धावला. दार ओढलं. हेडफोन काढून फेकले. पोरीला धरलं. अंगाचा चटका बसला. तिने डोळे उघडले नाहीत. त्याला ढकललं. बारा वर्षांच्या पोरीत तेवढी ताकद नसते रे...

"त्यांचं झालं नाही अजून," ती म्हणाली. तो तिचा आवाज नव्हता. लहान होता. फार दमलेला होता.

"छान. एकदा परत."

जनार्दनने काचेतून टेबलाकडे पाहिलं. खुर्ची रिकामी. पण खुर्ची टेबलाला लागून होती. आणि रेक्झिनच्या गादीत... ते दोन खळगे... खोल गेले होते. कुणीतरी पुढे झुकलं होतं.

तो बूथमधून बाहेर आला. खुर्ची बाजूला सारायला गेला. हलेना. चाकांची खुर्ची, मुग्धा एका बोटाने फिरवायची. जड होती. माणूस बसल्यावर असते, तेवढी जड.

आत ओळ वर चढत होती. आवाज चिरत होता.

त्याला सरोजिनीबाई आठवल्या. त्याने खुर्चीच्या मागून हात लांब केला. लाल बटणाकडे. अंधारात बोटाने बटण शोधलं.

बटणावर आधीच बोट होतं.

थंड.

...

त्याने हात मागे घेतला नाही. हे तो मला सांगताना रडला. त्याने त्या बोटावरच आपलं बोट ठेवलं. दाबलं. मग म्हणाला,

"झालं, बाळा. छान झालं. आता परत नाही. घरी जा."

आत गाणं थांबलं.

काही नाही... काही नाही...

मग फेडर खाली आला. अगदी हळू. तळाला टेकला. लाल बटण विझलं. आणि खुर्ची मागे सरकली. आपण उठलो की सरकते ना... तेवढीच. वीतभर.

पडदा काळा झाला.

बूथमध्ये मुग्धा खाली बसली होती, जमिनीला टेकून. "पपा, मला झोप येतेय," म्हणाली. स्वतःच्या आवाजात. त्याने तिला उचलून वर नेलं. पहाटे तिला दरदरून घाम आला. ताप उतरला, तो परत चढला नाही. स्टुडिओला त्याने त्याच रात्री बाहेरून कुलूप घातलं, दुसरं, नवं, आणि किल्ली जानव्याला बांधली. नवमीला कोणी तिकडे फिरकलं नाही.

दसऱ्याला टेम्पो आला. टेबल वासण्याला परत गेलं. सरोजिनीबाईंनी ते मागच्या खोलीत ठेवून घेतलं. "काय म्हणालात तिला?" एवढंच विचारलं. जनार्दनने सांगितलं. त्यांनी त्या लाकडावर हात ठेवला आणि तशाच उभ्या राहिल्या. तो निघाला तरी त्यांनी मान वळवली नाही.

संध्याकाळी घरी येऊन तो स्टुडिओत गेला. बूथमधला माइक तेवढा काढून ठेवायचा होता. त्या रात्रीनंतर बूथचं दार कोणी उघडलं नव्हतं.

माइकच्या स्टँडवर काहीतरी लोंबत होतं.

फडकं. जुन्या सुती साडीचं. कपाळाएवढी चार पदरी घडी घातलेलं. त्याने नयनाला बोलावून दाखवलं. तिने हातात घेऊन पाहिलं. असल्या काठाची साडी आपल्या घरात कधीच नव्हती, म्हणाली.

घडी ओली होती. खाली जमिनीवर पाणी ठिबकत होतं.

आणि हाताला... गरम लागत होती.