खांडीतला माणूस

ऋषी, मोबाइल ठेव खाली. ज्याची गोष्ट सांगतोय तो पोरगा आजही घणसोली गावात राहतो. खोटं वाटलं तर उद्या जाऊन विचार.

तेजस त्याचं नाव. बारावीला आपटला, मग कम्युनिटी कॉलेजात शेती उत्पादनाच्या कोर्सला आला. तिथलं बियाण्याचं स्टोअर मी सांभाळायचो. त्याच्या बापाची, गोटीरामची, शेतं कधीच टॉवरखाली गेलेली. पोराला चिखल माहीत नव्हता. पण खाडीकाठच्या प्लॉटवर, खाऱ्या जमिनीत, त्याने भात असा काही आणला की सरांनी परीक्षकांना सोमवारी बोलावलं. पोरगा पहिल्यांदाच कशात तरी पास होणार होता. मला फार कौतुक होतं त्याचं.

गेल्या वर्षीची सर्वपित्री अमावस्या, रविवारची रात्र. खाडीला मोठं उधाण. साडेअकराला तेजस फावडं आणि बॅटरी घेऊन सहज बांधावर चक्कर मारायला गेला.

बांधाला खांड पडली होती. दाराएवढी. खारं पाणी आत घुसत होतं. ते लोंब्यांपर्यंत गेलं की वर्ष फुकट. तो वेड्यासारखा माती टाकत सुटला. टाकली की वाहून जायची. रडकुंडीला आला बिचारा.

तेवढ्यात खांडीतून आवाज आला.

"टाक रं. मी उभा हाय."

बॅटरी फिरवली. पाण्यात कुणीतरी उभं. खाडीकडे पाठ. तोंड अंधारात.

"कोन? काका, तुमी?"

"टाक."

गावातलंच कुणी असेल, असं त्याला वाटलं. त्याने टाकली. आता माती ठरायला लागली. आणखी टाकली. माती कमरेला आली.

"काका… निघा ना आता."

तो हलला नाही.

"काका?"

"भात पायजे ना तुला?"

पाहिजे होता. फार पाहिजे होता. त्याने फावडं उचललं. छातीला आली. खांद्याला आली… पाणी थांबलं. आवाजही थांबला.

सकाळी गोटीराम आला. पोराने सगळं सांगितलं. म्हातारा म्हणाला,

"खांडीत मानूस उभा राहतो, तवा माती ठरते. पन कमरेला आली का पयला त्याला वर खेचाचा. आपल्यात तसाच करतात. तू हात दिलास ना त्याला?"

तेजसने फावडं घट्ट धरलं.

"दिलास ना रं?"

गोटीरामने खांड उकरायला फावड्याला हात घातला. तेजसने ते सोडलं नाही. "परीक्षक येऊन जाऊ दे, बाबा," म्हणाला.

परीक्षक आले, खूश होऊन गेले. पोरगा पास. संध्याकाळी तेजसने मला सगळं सांगितलं आणि ओहोटीला बाप-लेक आणि मी, आम्ही तिघांनी खांड खणली. पार तळापर्यंत. आत कुणी नव्हतं. गावातही कुणी हरवलेलं नव्हतं. तेजस हमसून रडला. पुन्हा माती भरली, फावड्याने चोपून सपाट केली आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच गेलो होतो बघायला. चोपलेल्या मातीवर पाच बोटं उमटली होती.

वरून दाबलेली नव्हती रे. आतून वर आलेली.