खारा चहा आणि दोनचा ‘टक्’

“थू! थू! मीठ कुणी टाकलं यात?”

सुमितने चहाचा घोट थेट अंगणात उडवला. त्याच्या ताईने, मोनालीने, आपल्या कपातला घोट घेतला आणि तिचंही तोंड वाकडं झालं. रुबीने मात्र दोघांची तोंडं बघून कप तसाच खाली ठेवला. ती हुशार!

“सुम्या!” तात्याबामामा गरजले. “काल माझ्या बुटात जित्ता खेकडा सोडलास, आन् आज चहात मीठ व्हय?”

“मामा, खेकडा मीच सोडला. कबूल! पण मीठ माझं न्हाई!”

“मग काय समुद्र चालत आला चुलीपर्यंत?”

पलीकडच्या बाकावर पुण्याचे दोन कॉलेजवाले दादा बसले होते. त्यांनी एकमेकांकडे बघितलं, कप तसेच ठेवले आणि पाठीवरच्या भल्यामोठ्या पिशव्या उचलल्या. “मावशी, आम्ही दुसरीकडे बघतो,” एवढं बोलून ते चालूही लागले!

जन्नतबी फुफी पदराला हात पुसत दारात उभी राहिली. दादांचे भरलेले कप उचलून तिने अंगणात रिकामे केले. तेच मोनालीला सगळ्यात जास्त लागलं.

जन्नतबी म्हणजे रुबीची आत्या. माहेर यवतचं, पण लग्न होऊन या समुद्रकाठच्या माडवलीला आलेली. नवरा गेल्यावर तिने घरामागच्या पत्र्याच्या पडवीत बारा लोखंडी खाटा टाकल्या, प्रत्येक खाटेवर मच्छरदाणी बांधली आणि बाहेर पाटी लावली : ‘जन्नत बॅकपॅकर हॉस्टेल. स्वस्त खाट. गोड पाणी.’ या ‘गोड पाणी’वरच सगळं चालायचं! माडवलीत बहुतेक विहिरी मचूळ. फुफीची तेवढी गोड. शेजारची सहा घरंही सकाळी तिथेच कळश्या भरायची. विहिरीला ना कुलूप, ना कुणाला मनाई.

मोनाली आणि रुबी यवतच्या शाळेत एकाच बाकावर बसायच्या. मोनाली रोज राहूहून एसटीने येणारी, रुबी यवतचीच. आठवीची परीक्षा संपली आणि रुबी म्हणाली, “माझ्या फुफीकडं येतेस? समुद्र दाखवते!” मोनालीच्या मामांचं यवतला मोटार रिवायंडिंगचं दुकान. तेच पोरांना घेऊन निघाले. वाटेत महाडला उतरून त्यांनी तिघांना चवदार तळं दाखवलं आणि तिथे बराच वेळ हात जोडून उभे राहिले. म्हणूनच इथे आल्यावर फुफीची विहीर बघून ते इतके खूश झाले होते. “कुणालाबी मनाई न्हाई? वा, जन्नतबी! तुमची मोटार जळलीय ना? ही माझ्याकडनं भेट!” असं म्हणून त्यांनी, रुबीने आधीच सांगितल्यामुळे येताना बरोबर आणलेली मोटार रविवारी स्वतःच्या हाताने बसवली होती.

आणि आज बुधवार. चहा खारट!

“चहा सोडा,” फुफी शेवटी बोलली. “मी आत्ता कळशीतलंच पाणी चाखलं. विहीरच खारी झाली, गं माय.”

ती पायरीवरच बसली.

“सोमवारी कॉलेजची बावीस पोरं यायची आहेत, चार दिवसांसाठी. त्यांना काय समुद्र पाजू? उद्या संध्याकाळपर्यंत फोन करून नको म्हणून सांगावं लागंल. आन् एकदा का बोभाटा झाला की संपलं. खाटा विकायच्या आन् यवतला भावाच्या दारात जाऊन बसायचं.”

“फुफी, असं नको बोलू!” रुबीने तिचा हात धरला.

मामांनी मूठ आपटली. “हे त्या शेजारच्या लॉजवाल्या नानाचं काम! गिऱ्हाईक पळवायला त्यानंच विहिरीत मीठ टाकलं आसंल. बघतोच त्याच्याकडं!”

“मामा, थांबा,” मोनाली म्हणाली. “पुरावा कुठाय?”

“मोने, तू लहान हायस.”

“मी नववीत जाणार आहे!”

“मग नववीत जा. इथं मधी येऊ नको!”

मोनालीचे कान लाल झाले. मागच्या वर्षी ती असं कुणी बोललं की खाली बघायची. पण या वर्षी तिने तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिला नंबर काढला होता, तोही माईक बंद पडल्यावर! ती आता खाली बघणार नव्हती.

“सुमित, रुबी, चला! उद्या संध्याकाळपर्यंत आपण शोधून काढायचं.”

“काय?”

“समुद्र चुलीपर्यंत कसा आला ते!”

*

तिघं पालथं पडून केवड्याच्या कुंपणाखालून नानांच्या वाडीत डोकावले. आणि सुमितने मोनालीचा दंड असा दाबला की ती ओरडायचीच राहिली.

गोठ्याच्या भिंतीला सहा पोती टेकवलेली होती. एक फाटलं होतं. त्यातून पांढरेशुभ्र खडे सांडले होते.

“मीठ!” रुबी कुजबुजली.

“सहा पोती! याच्यात तर आख्खं दौंड लोणचं घालंल!” सुमित म्हणाला.

“काय गो पोरींनो, कुंपणाखाली काय शोधताय?”

वर बघतात तर नाना! लुंगी, उघडं अंग, हातात कोयता! सुमितने डोळेच मिटून घेतले. पळावं असं मोनालीच्याही पायांना वाटत होतं, पण ती उठून उभी राहिली.

“नाना, ही मिठाची पोती कशाला?”

“माडांना.”

“झाडांना मीठ?”

“मग! माडाच्या आळ्यात मीठ घालतात. तुमच्याकडे उसाला खत देतात ना, तसं. हे बघ.” त्यांनी एका माडाच्या बुंध्याभोवतीची माती कोयत्याने उकरून दाखवली. आत खडे चकाकत होते. “का गो? काय झालं?”

मोनालीने सगळं खरं सांगून टाकलं. त्यांच्यावर संशय होता, हेसुद्धा! रुबीने तिला चिमटा काढला, पण उशीर झाला होता.

नाना आधी रागावले, मग खो-खो हसले, आणि मग एकदम गंभीर झाले.

“पोरी, आमच्याकडे विहिरीत खारं पाणी वरून कुणी टाकत नाही. ते खालून येतं. पावसाचं गोड पाणी वर तरंगतं, त्याच्या खाली समुद्राचं. दुधावर साय असते ना, तसं. मे महिन्यात ही साय पातळ होते. हळूहळू काढलं तर पुरतं. भसाभसा उपसलं की साय संपते आणि खालचं वर येतं. जन्नतबीला हे ठाऊक आहे. ती सकाळ-संध्याकाळ पाव-पाव तास मोटार लावते, त्याहून जास्त नाही.”

“मग जास्त कोण उपसतंय?”

“ते तू शोध,” नाना म्हणाले. “पण माझ्या कुंपणाखालून नको!”

*

दुपारचा एक वाजला होता. रोज दहा ते दोन लोडशेडिंग. पंखे बंद, पडवीत भट्टी पेटल्यासारखं व्हायचं. त्यामुळे पाहुणे जेवून जे सुरूच्या बनात जायचे ते सहालाच परतायचे. फुफीही ओटीवर पदर तोंडावर घेऊन पडायची.

“या वेळेला विहिरीवर कुणीच नसतं,” मोनाली म्हणाली. तिने पोहरा हळूच पाण्याला टेकवला आणि दोर कठड्याला लागला बरोबर तिथे आपल्या वेणीची लाल रिबन गाठ मारून बांधली. “आता सहा वाजता बघू.”

पाच तास तिघं माडाखाली बसून विहिरीवर डोळा ठेवून होते. सहा वाजता पोहरा पुन्हा सोडला. रिबन कठड्यावरून खाली गेली... आणखी खाली... आणि तरी पोहरा पाण्याला लागेना!

“तीन हात!” रुबीने पाणी लागलं तिथे दोराला दुसरी गाठ मारली आणि डोळे विस्फारले. “पाच तासांत तीन हात पाणी गेलं! आन् एक माणूस फिरकलं न्हाई!”

“भूत!” सुमित म्हणाला.

“भूत एवढं पाणी पिऊन करंल काय?”

“खारं असल्यावर जास्तच तहान लागंल की!”

मोनाली हसली नाही. ती घराच्या मागे बघत होती. तिथे उघड्या वाळूत, भर उन्हाच्या जागी, फुफीचा डाकू कुत्रा पाय पसरून मजेत पडला होता. इकडे माडाची एवढी सावली असताना? तिने जाऊन वाळूत हात घातला.

गार! ओलीचिंब!

वर बघितलं. टाकीची जादा पाण्याची नळी भिंतीवरून उतरून बरोबर तिथेच वाळूत टेकली होती.

“रुबी, आपल्याकडं टाकी वाहिली तर काय होतं?”

“चिखल. म्हशी बसतील एवढा.”

“काळ्या मातीत चिखल होतो. कुणालापण दिसतो. इथं वाळू सगळं पिऊन टाकते! टाकी वाहतेय, रोज वाहतेय, आणि फक्त डाकूला माहितेय!”

“पण मोटार कोण लावतं?”

ते मात्र मोनालीला माहीत नव्हतं. तिने जेवतानाही कुणाला काही सांगितलं नाही. मामा नानांना शिव्या घालत होते, आणि अर्धवट पुराव्यावर बोललं की मोठी माणसं हसतात!

*

गुरुवार. जेवणं उरकली तसे फुफी आणि मामा एसटी स्टँडवरच्या फोनच्या बूथकडे निघाले. माडवलीत मोबाईलला रेंजच नव्हती.

“नको म्हणून सांगून येते,” फुफी म्हणाली. तिने चप्पल घातली, पुन्हा काढली, पुन्हा घातली. “बूथवाला तीनला उघडतो. एका दमात सांगून टाकीन.”

ते गेले. तिघं मोटारीच्या खोलीत दाराआड बसले. घामाच्या धारा. एक डास सुमितच्या नाकावर बसला, तरी तो हलला नाही!

दोन वाजले. पडवीतले पंखे कुरकुरले. लाईट आली.

आणि... टक्!

“काय झालं?” रुबी म्हणाली. “कोण आलं?”

कुणीच आलं नव्हतं. कुणी बटण दाबलं नव्हतं. पण विहिरीतून येणारा पाइप थरथरायला लागला होता. पाण्यात बुडालेली मोटार, तिचा आवाज तो कितीसा! लाटांच्या गाजेत तो कुठल्या कुठे विरून जात होता.

मोनाली कपाळावर हात मारून उभी राहिली.

“ऑटो! अगं, ऑटो!”

हा ‘टक्’ तिने जन्मभर ऐकला होता! राहूला लाईट कधी येईल याचा नेम नसतो. म्हणून प्रत्येक शेतकरी स्टार्टरला ऑटोचा खटका लावून ठेवतो : लाईट आली की मोटार आपोआप सुरू, उसाला पाणी चालू. तो ‘टक्’ इतका रोजचा की घरात कुणाला ऐकूसुद्धा येत नाही. इथे चार दिवस तो रोज दोन वाजता वाजत होता आणि तिच्याही कानांना काहीच वाटलं नव्हतं!

“फुफी सकाळी लाल बटण दाबून मोटार बंद करते,” ती भराभर बोलत होती. “पण हा मागचा खटका तिला माहीतच नाही! दोनला मोटार आपली आपण सुरू होते. सहाला फुफी हिरवं बटण दाबते, तिला वाटतं आत्ता सुरू झाली; पाव तासाने ती लाल दाबेपर्यंत मोटार पळतच राहते. आणि केवढी मोटार? तीन हॉर्सपॉवरची!”

“म्हंजी...” सुमितचा आवाज बारीक झाला. “ती तर आपल्या मामानं बसवली.”

मामांनी प्रेमानं दिलेली भेट! त्यांना कसं सांगायचं?

मोनालीने खाड्कन लाल बटण दाबलं, खटका खाली ओढला, आणि पोहऱ्याचा दोर रिबनीसकट खांद्यावर टाकला.

“पळा! तीनच्या आत बूथ गाठायचा!”

*

फुफीने रिसिव्हर कानाला लावला होता. नंबर फिरवून झाला होता.

“फुफी, ठेवा! ठेवा तो फोन!”

“अगं या अल्ला! काय झालं? कुणी बुडलं का?”

“विहीर बुडलीय!” सुमित धापा टाकत म्हणाला. “पण आम्ही तिला काढली!”

मोनालीने दोर मामांच्या समोर धरला. “मामा, रागवा, पण आधी ऐका. काल एक वाजता पाणी इथं होतं. सहाला तीन हात खाली. मधे कुणीच पाणी काढलं नाही. मोटार दोनला ऑटोवर सुरू होते. आज आम्ही डोळ्यांनी बघितलं.”

“मोने!” मामांच्या भुवया चढल्या. “चाळीस गावांत मोटारी बसवल्यात मी! मला शिकवतीस?”

“आपल्याकडं तुमची मोटार बरोबरच आहे, मामा. तिकडं खाली काळा दगड आहे. इथं खाली समुद्र आहे.”

मामा काहीतरी बोलणार होते. मग त्यांनी रिबनकडे बघितलं. तिच्यापासून दुसऱ्या गाठीपर्यंत दोर ओंजळीतून सोडत मोजला. एक हात, दोन, तीन. हळूहळू त्यांची मान खाली गेली.

“सवयीनं लावला गं खटका,” ते पुटपुटले. “सांगायचंबी ध्यानात आलं न्हाई. आन् त्या नानाला दोन दिस शिव्या घालतोय!” ते फुफीकडे वळले. “जन्नतबी, माझ्या हातनं चूक झाली.”

फुफीने रिसिव्हर जागेवर ठेवला. “चूक झाली खरी, तात्याबाभाऊ. आता ती फेडायची!”

आणि मामांनी ती फेडली! आधी नानांच्या दारात जाऊन माफी मागितली. मग मोठी मोटार स्वतः बाहेर काढली आणि तालुक्याहून अर्ध्या हॉर्सपॉवरची छोटी आणून बसवली, ऑटोशिवाय! तोवर विहिरीला पूर्ण विश्रांती. नानांनी आपल्या वरच्या वाडीतल्या विहिरीचं पाणी दोन पिंपं भरून बैलगाडीतून पाठवलं. शेजारच्या सहा घरांनी दूर जाऊन पाणी आणलं, कुणी कुरकुरलं नाही. मुलं सकाळी फक्त एक-एक पोहरा वरच्यावर काढून चाखायची.

शुक्रवारी खारट. शनिवारी मचूळ. रविवारी सुमित जिभेवर थेंब ठेवून इतका वेळ विचार करत बसला की रुबीने त्याच्या डोक्यावर अख्खा पोहरा ओतला!

“गोड!” तो भिजून ओरडला. “थोडंसं मचूळ, पण गोड!”

सोमवारी सकाळी फुफीने विहिरीच्या पाण्याचा चहा केला. पहिला कप तिने मोनालीच्या हातात दिला. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. मामा तर श्वास रोखून!

मोनालीने घोट घेतला. दुसरा घेतला. मग सरळ बशीत ओतून फुर्रकन सगळा संपवला.

“आणखी आहे?” तिने विचारलं.

अंगणात एकच हशा पिकला! नाना म्हणाले, “संशय घेतला तर तोंडावर सांगणारी पोरगी मी पहिल्यांदा बघितली गो!” मामांनी तिच्या पाठीवर थाप मारली. “मोने, आता मधी येत जा. जवा वाटंल तवा!”

फुफीने मात्र लाल रिबनीचा दोर कठड्याजवळच्या खुंटीला टांगला. “ही गाठ आता सोडायची न्हाई. रोज सकाळी मोजायचं. पाणी गाठीखाली गेलं की मोटार बंद, मग दारात कलेक्टर का उभा असंना!”

दुपारी जीप आल्या. बावीस पाठपिशव्या अंगणात उतरल्या, बारा खाटा भरल्या, उरलेल्यांना ओटीवर सतरंज्या मिळाल्या. दोन वाजता पंखे कुरकुरले. लाईट आली.

मोनाली, रुबी, सुमित आणि मामा, चौघांनीही कान टवकारले.

लाटांची गाज. पाहुण्यांची बडबड. बाकी काही नाही.

“ऐकलंस?” मोनालीने विचारलं.

“काहीच न्हाई!” रुबी हसली.

घरामागून मात्र एक नाराज भुंकणं आलं. डाकूची जागा आज कोरडी होती!